सात नंबरची जाळी

बोदवडला माझ्या मामांची जिनिंग आहे. मी स्वतः नाशिकला एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे जे काम करायला मामा बाहेरचा माणूस ठरवत होते, तेच काम मी महिन्याच्या पगारावर करते. मार्गशीर्षात घरातल्या एका लग्नाला गेले होते. रात्री जेवणं आटोपली तसे मामा म्हणाले, “चल बाई, जिनवर चक्कर मारून येऊ. एक कागद दाखवायचाय तुला.”

सीझन भरात होता. काट्यापुढे ट्रॉल्यांची रांग, आवारात कापसाच्या गंज्या. ऑफिसच्या काचेतून आतल्या डबल रोलर जिनांच्या दोन रांगा दिसत होत्या आणि उडणारी बारीक रुई ट्यूबलाइटभोवती धुक्यासारखी साचली होती. मामांनी टेबलावरून कागद पुढे सरकवला. एका सेफ्टी कन्सल्टंटचं वर्षभराच्या कामाचं कोटेशन होतं.

“सगळं यात आलं,” मामा म्हणाले. “लायसन्स, रजिस्टरं, फायरचं, तपासणीचे फॉर्म. वर्षाचा एक आकडा ठरला की माझी डोकेदुखी गेली.”

मी कागद वाचला. अकरा कलमं होती. दहा कागदपत्रं तयार करण्याची. अकरावं एका ओळीचं : वर्षातून दोन भेटी.

“या भेटी कधी व्हायच्या?”

“मागचे जे होते ते जुलैत यायचे. तेव्हा जिन बंद असते, फिरायला बरं पडतं. फोटो नीट निघतात.”

“मामा, मग हे पैसे देऊ नका,” मी म्हणाले. “एवढ्या पैशात सगळ्या जिनांना नीट जाळ्या बसतील. हाताशी येईल असं लाल बटण बसेल. मिस्त्रींच्या हाताखाली एक चांगला पोरगा येईल. जुलैतल्या बंद मशीनचे फोटो घेऊन काय करायचं?”

मामा माझ्याकडे बघतच राहिले. “तू सेफ्टीची माणूस, आणि तूच सांगतेस सेफ्टीवाला नको?”

तिथून आमचं सुरू झालं ते रात्री बारापर्यंत चाललं. जामनेरपासून शिरपूरपर्यंत ज्या ज्या शेडमध्ये असा करार सहीसाठी टेबलावर पडला असेल, तिथल्या माणसांना त्यातलं काही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून झालं तसं लिहिते आहे.

मामांचा पहिला मुद्दा मी कमी लेखला होता. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. “हा कापूस दिसतोय ना, तो माझा नाही. बँकेचा आहे. मालावर कॅश क्रेडिट घ्यायचं तर विमा पाहिजे. उद्या ठिणगी पडली तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा काय बघेल? लायसन्स चालू आहे का, फायरचा फॉर्म बी भरलाय का. कागद नसला तर मी दोनदा जळालो म्हण. एकदा आगीत आणि एकदा बँकेत.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. आम्ही सेफ्टीतली माणसं कागदाला फार सहज नावं ठेवतो. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानं आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे हाच फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यायला सांगितलं आहे. तो फॉर्म भरला गेला की निदान वर्षातून दोनदा कोणीतरी पंप चालवून बघतो. बोदवडला नळाचं पाणी किती दिवसांनी येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. ज्या गावात पिण्याचं पाणी साठवून पुरवून वापरतात, तिथं आगीसाठीची टाकी बारा महिने भरलेली ठेवायची तर कुणाचा तरी धाक लागतोच.

“कागद हवा, हे मान्य,” मी म्हणाले. “पण जुनी फाईल तर दाखवा.”

जाडजूड फाईल होती. छान बांधलेली, रंगीत विभाजक घातलेले. आपत्कालीन योजनेच्या पानावर मी थांबले. तिथं लिहिलं होतं की अमोनियाची गळती झाल्यास कामगारांनी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जमावं. मामांच्या जिनमध्ये अमोनिया कधीच नव्हता. कुठल्या तरी बर्फाच्या किंवा दुधाच्या कारखान्याची योजना उचलून वरचं नाव बदललेलं होतं. रुईला आग लागली तर काय करायचं याचं एकही वाक्य त्यात नव्हतं.

आणि जिनमधली आग कशी असते हे इथं कुणालाही विचारा. कापसात आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये घासतो, ठिणगी उडते. बेअरिंग तापतं, त्याला चिकटलेली रुई धुमसते. ती ठिणगी हवेच्या पाईपमधून प्रेसपर्यंत पोचली तर गाठीत दाबली जाते. १७० किलोची ती गाठ बाहेरून पांढरीशुभ्र, आणि आतून कित्येक दिवस धुमसत राहते. गोदामात लावून झाल्यावर एखाद्या पहाटे भडकते. म्हणून संशयाची गाठ बाजूला काढून उघड्यावर, इतर मालापासून लांब ठेवायची असते. हे एक वाक्य त्या फाईलमध्ये असतं तर फाईलचे पैसे वसूल झाले असते.

मामांनी ते पान दोनदा वाचलं. चेहरा उतरला. “मी हे कधी उघडलंच नाही,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पण एकानं असं केलं म्हणून सगळे तसे नसतात ना?”

“नसतात. पण ओळखायचा कसा? सेफ्टी कन्सल्टंट हे काही कायद्यानं दिलेलं पद नाही, मामा. प्रेशर व्हेसल, लिफ्ट, क्रेन तपासणारी ‘सक्षम व्यक्ती’ कायद्यात आहे, तिला सरकारच्या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाची मान्यता लागते. सेफ्टी ऑफिसरची पात्रता ठरलेली आहे. सेफ्टी ऑडिटरला मान्यता लागते. कन्सल्टंटची पाटी मात्र कुणीही लावू शकतो. चांगला माणूसही ती लावतो आणि झेरॉक्सवालाही लावतो.”

“मग मी सेफ्टी ऑफिसरच नेमू म्हणतेस? तुझ्यासारखा?”

“तुम्हाला परवडणार नाही, आणि कायदा सांगतही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात सेफ्टी ऑफिसर १,००० कामगारांना होता. त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेत तो आकडा ५०० वर आणलाय, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. तुमच्याकडे किती माणसं?”

मामा जरा चाचरले. “मस्टरवर अठरा.”

“आणि ठेकेदाराची?”

“ती वेगळी.”

हा आकडा मामांनी सहज सांगितलेला नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत, विजेवर चालणारा कारखाना कधी धरायचा त्याचा आकडा २० आहे. मामांनी तो कुठून तरी ऐकला होता आणि अठरावर थांबले होते. मी म्हणाले, “ठेकेदाराची माणसं वेगळी धरता येत नाहीत. आणि मागच्या बारा महिन्यांत एका जरी दिवशी वीस माणसं कामावर असली तरी पुरे. आत्ता आत किती जण आहेत ते मोजू का?”

“नको,” मामा म्हणाले. “पण तूच सांग, हा सीझनचा धंदा. चार-पाच महिने चालतो. मोठ्या मिलचे नियम याला लावून कसं चालेल?”

इथं मला थोडं लांबून यावं लागलं, कारण मामांचं हे वाक्य त्यांच्या पणजोबांच्याही आधीचं आहे.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो १०० किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांना लागू होता, आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. जिन-प्रेस म्हणजे सीझनचं काम, त्यामुळे त्यांच्यासाठी पळवाट तिथंच तयार झाली. मग १८८४-८५ मध्ये मुंबई इलाख्यात कारखाना आयोग बसला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून मागण्यांचा अर्ज दिला तो याच काळात. त्या आयोगापुढे खानदेशातल्या जिनांबद्दल साक्ष झाली. जिनवर बहुतेक बायाच होत्या. काम पहाटे चार-पाचला सुरू व्हायचं आणि रात्रीपर्यंत चालायचं, आणि माल जास्त आला की त्याच बाया दिवसरात्र, सलग कित्येक दिवस जिनपुढे उभ्या राहायच्या. ही साक्ष जिनच्या धंद्यातल्याच माणसानं दिली होती. म्हणजे कामगार कायद्याच्या इतिहासात खानदेशचं नाव आलं ते या बायांमुळे.

पुढे आकडा खाली येत गेला. १८९१ मध्ये ५०, आणि बायांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा. १९२२ मध्ये २०. १९३४ च्या कायद्यात सीझनच्या कारखान्यांची वेगळी वर्गवारी होती, त्यांना जास्त तास चालवायची मुभा. १९४८ मध्ये ती वर्गवारी गेली आणि आकडा १० वर आला. आणि आता, २०२० मध्ये केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या संहितेत, तो पुन्हा २० झाला आहे. मला ही वाटचाल उलटी वाटते आणि ते मी मामांना स्पष्ट सांगितलं. संहितेत चांगल्या गोष्टीही आहेत : नेमणूकपत्र सगळ्यांना, वयस्कर कामगारांची फुकट तपासणी. पण एकोणीस माणसांच्या शेडमधला पट्टा काही हळू फिरत नाही.

“वासखेडी आठवते?” मी विचारलं.

आठवत होती. १८ एप्रिल २०२३ ला साक्री तालुक्यात वासखेडीला, वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये आग लागून चार बाया गेल्या. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता, त्यात दहाहून जास्त माणसं गेली. वाघाडीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. वासखेडी जिल्ह्याबाहेर कुणाच्या लक्षात राहिली नाही, कारण तिथं ना टाक्या होत्या ना चिमणी. एक शेड होती, आणि हातानं काम करणाऱ्या बाया.

मामा गप्प बसले. मग त्यांनी असं काही सांगितलं की माझाच मुद्दा डळमळला.

“तू म्हणतेस जाळ्या बसवा, बटणं बसवा. मी चार वर्षं म्हणतोय. पण जिन एकट्याची आहे का? आम्ही तीन भागीदार. मी म्हटलं की ते म्हणतात, भाऊ पैसे उडवतो. मिस्त्री म्हणाला की म्हणतात, मिस्त्रीला काम वाढवायचंय. बाहेरचा माणूस लेटरहेडवर लिहून देईल, तेव्हा ते ऐकतील. मला तो माणूस कागदासाठी नकोय. माझं बोलणं त्याच्या तोंडून यावं म्हणून पाहिजे.”

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या कारखान्यात माझ्या मागे कंपनी आहे, पद आहे, दर महिन्याला सेफ्टी कमिटी बसते. भाऊबंदकीच्या भागीदारीत एकट्या माणसाला बाहेरून आधार लागतो. मामा पुढे म्हणाले, “आणि डोळे मरतात, बाई. मी रोज त्या जिनांमधून फिरतो. मला काही दिसतच नाही. चाळीस जिना बघितलेला माणूस दारातून आत आला की त्याला पहिल्या मिनिटात दिसतं.”

“जिन चालू असली तर दिसतं,” मी म्हणाले.

“मग चल, बघू. तुला काय दिसतं ते.”

आत गेलो. आवाजानं बोलणं बंद झालं, खुणांवर आलो. बाया कापसातली कवडी आणि पालापाचोळा वेचत होत्या. पदर घट्ट खोचलेले, तोंडाला ओढणी. सात नंबरच्या जिनपाशी मी थांबले. पट्ट्याच्या आणि पुलीच्या बाजूला असायची ती जाळी तिथं नव्हती. ती मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. तिच्या चौकटीत रुईचा बोटभर थर बसला होता, म्हणजे ती आज-काल काढलेली नव्हती. चार भोकांपैकी दोनच नट उरले होते, आणि तेही गंजून आट्या बसलेले. मागच्या कन्सल्टंटच्या फाईलमध्ये याच जिनचा फोटो होता, जाळी बसवलेली, नट चकचकीत. फोटो खोटा नव्हता. जुलैतला होता.

१९४८ च्या कायद्याचं २२ वं कलम मला पाठ आहे. चालत्या मशीनजवळ जायचंच असेल तर खास शिकवलेला प्रौढ पुरुष कामगार जाईल, त्याच्या अंगावर घट्ट कपडे असतील, ते कपडे मालकानं द्यायचे, आणि त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलेलं असेल. २७ वं कलम तर थेट कापसाचंच होतं : प्रेसमध्ये कॉटन ओपनर चालतो त्या भागात बायांना कामाला ठेवायचं नाही, कापूस घालायची बाजू आणि तो बाहेर पडायची बाजू यांच्यात छतापर्यंत भिंत असली, तरच घालायच्या बाजूला. ही कलमं लिहिणाऱ्यानं कधीतरी चालू जिन जवळून पाहिलेली असणार. पदर कुठं अडकतो हे त्याला ठाऊक होतं.

मिस्त्री आले. साठी उलटलेले, उजव्या हाताची मधली दोन बोटं पेरापासून नाहीत. आम्ही बाहेर ओट्यावर आलो. मी विचारलं, “काका, जाळी का काढलेली?”

“चोक होते माय. कापूस ओला आला का चोक होते. मग पुली हातानं मागे फिरवा लागते. दर येळी चार नट कोण काढीन? पोरगं काढते अन् टांगून देते.”

“आणि हे?” मी त्यांच्या हाताकडे बघितलं.

“हे जुनं. बटण दाबलं होतं मी. बंद केलं म्हंजे थांबलं असं नसते. लाईन गेली तरी ते फिरतच राह्यते.”

कन्सल्टंटच्या फाईलमध्ये हे नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात नव्हतं. मी मनात बिजागरीची जाळी बसवून मोकळी झाले होते : पटकन उघडेल, उघडली की एक स्विच मोटर बंद करेल. मी तसं बोलूनही दाखवलं. मिस्त्रींनी मान हलवली. “बिजागरी लावली तं पोरगं लगेच उघडीन. मोटर बंद होईन, पण रोलर तं फिरतेच. हात तेव्हाच जाते.”

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, “बघ. म्हणून मी म्हणतो, चाळीस जिना बघितलेला पाहिजे.”

“आणि चाळीस वर्षं एकच जिन बघितलेलाही,” मी म्हणाले.

परत ऑफिसात आलो. चहा आला. मामांच्या हातात अजून तोच कागद होता. मी त्यांना एक गोष्ट विचारली, जी मला सगळ्यात जास्त खुपत होती. “मामा, हा माणूस नेमला की जबाबदारी त्याची झाली, असं तुम्हाला वाटतं का?”

“सही तर त्याची असते.”

“सही त्याची, पण भोगवटादार तुम्ही. भागीदारी असली तर भागीदारांपैकीच एक जण भोगवटादार धरतात, कायदा बाहेरच्या माणसाला धरत नाही. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर होऊन माणूस मेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी पाच लाख दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडातला निदान अर्धा भाग त्या माणसाच्या घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. कन्सल्टंटची फी यात कुठंच येत नाही.”

मामांनी चहा तसाच ठेवला. दंडाच्या आकड्यानं ते गप्प झाले नव्हते, हे पुढच्या वाक्यावरून कळलं. “तुझी आजी लग्नाआधी जिनवर कवडी वेचायला जायची, माहितीये ना?”

मला माहीत नव्हतं. आमच्या घरी ही गोष्ट कुणी बोलत नसे. जिन विकत घेतल्यानंतर तर नाहीच.

“रात्री चुलीजवळ बसली की खोकायची. आम्ही म्हणायचो, धुराचा खोकला. एखाद दिवस काम बंद राहिलं की बरी असायची, आणि पुन्हा कामाला गेली की पहिल्याच संध्याकाळी छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं म्हणायची.”

मी ऐकत राहिले, कारण मामांना नाव माहीत नसताना त्यांनी आजाराचं वर्णन पुस्तकातल्यासारखं केलं होतं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी होते, म्हणून माणसाला वाटतं सवय झाली. वर्षं गेली की आवळलेली छाती सुटत नाही. कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत तो होता, कामगार नुकसानभरपाईच्या यादीतही होता. पण नुकसानभरपाई मागायला आधी कुणीतरी छाती तपासून नाव लिहावं लागतं. सीझनला येणाऱ्या आणि सीझन संपला की परत जाणाऱ्या बाईच्या नावापुढे ते कोण लिहिणार?

“त्या अकरा कलमांत हे आहे?” मामांनी विचारलं.

नव्हतं. ‘तपासणीचे फॉर्म’ होते. तपासणी नव्हती.

मग आम्ही तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. माझा हट्ट मी सोडला होता. माणूस नेमायचा, हे ठरलं. कुठल्या कामाला नेमायचा, एवढंच बाकी होतं. मामा सांगत होते, मी लिहीत होते. पहिली भेट जानेवारीत, जिन चालू असताना, आणि न सांगता रात्रपाळीला. त्या भेटीत मिस्त्री बरोबर फिरणार आणि ठेकेदाराच्या मुकादमालाही बोलवायचं. सीझन सुरू होताना सगळ्यांना एकदा, कामाच्याच वेळात, पगार न कापता शिकवणी. त्यात ज्यांना मराठी येत नाही त्यांना त्यांच्या भाषेत. बायांची श्वासाची तपासणी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामाच्या आधी आणि पाळी संपल्यावर, म्हणजे फरक दिसेल. आगीची योजना रुईची, याच आवाराचा नकाशा काढून, संशयाची गाठ कुठं नेऊन ठेवायची त्या जागेसकट. कागदपत्रंही त्यानंच करायची, ती दहा कलमं तशीच राहू दिली. मामा म्हणाले, “आणि हे पण घाल, जे दिसलं ते तिन्ही भागीदारांच्या नावानं लिहून द्यायचं. माझ्या एकट्याच्या नावानं नाही.”

“तो जास्त पैसे मागेल,” मी म्हणाले.

“मागू दे. नाही जमत म्हणाला तर दुसरा बघू.”

अकरा वाजून गेले होते. रात्रीच त्यांनी त्या माणसाला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, मामांचंच ऐकू येत होतं. “हो, चालू असतानाच... नाही नाही, फोटो नंतर... रात्री, हो... तुम्ही कधी डबल रोलर जिनचा चोक काढताना बघितलाय का?” बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. मग म्हणाले, “बरं झालं खरं सांगितलं. या, आमचे मिस्त्री दाखवतील.”

निघताना मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी मगाशी सांगायचं राहिलेलं सांगितलं. बिजागरी नको. चार नटही नको. जाळीला एकच बोल्ट द्या, लांब आट्यांचा, हातानं फिरवायचा, पाना नको; आणि तो जाळीतून सुटून पडणार नाही असा अडकवून ठेवा. पोरगं बटण दाबीन, बोल्ट फिरवायला लागीन, आणि बोल्ट निघेपर्यंत रोलर थांबलेला असेल. मी हे परदेशी पुस्तकात वाचलेलं होतं, वेगळ्या नावानं. बोदवडच्या ओट्यावर ते एका माणसानं आपल्या हाताच्या किमतीवर शोधून काढलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“किती लांब लागेल बोल्ट?” मामांनी विचारलं.

“मोजा लागीन.”

मामा आत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सात नंबरचं बटण दाबलं. मोटरचा आवाज पडला. पुली फिरत राहिली. मिस्त्रींनी उजवा हात पुढे धरला, उरलेल्या बोटांत नसलेला बोल्ट पकडला, आणि मोठ्यानं आकडे म्हणत तो हवेत फिरवायला लागले.